नवे स्पीकर बसवल्यावर बास कमी झाला; आधी अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, सबवूफर घ्यावा की दारांचे काम करावे?

मूळ प्रश्न

नमस्कार. माझी गाडी लहान हॅचबॅक आहे. तिच्यात कंपनीने दिलेला टचस्क्रीन स्टिरिओ आणि चारही दारांत एकेक साधा, कागदी पडद्याचा स्पीकर होता. रोज दीड-दोन तास मी गाडीतच असतो आणि त्या वेळात मुख्यतः ख्यालगायन आणि जुनी भावगीते ऐकतो. मूळ स्पीकरवर गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटे आणि तानपुरा तर जवळजवळ ऐकूच येत नसे. म्हणून गेल्या महिन्यात पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची कोअ‍ॅक्शियल (मोठ्या पडद्याच्या मध्यावरच वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर असलेले) स्पीकर बसवून घेतले. स्टिरिओ तोच ठेवला आहे, अ‍ॅम्प्लिफायर लावलेला नाही आणि मागच्या दारांना हात लावलेला नाही.

गाण्यातले शब्द आता स्पष्ट कळतात आणि तानपुऱ्याची तार वेगळी ऐकू येते, याचा आनंद आहे. परंतु तबल्यातला डग्गा मात्र गायब झाला आहे; चाटीचा आवाज येतो, घुमारा येत नाही. आवाज थोडा वाढवला की वरचे स्वर कानाला टोचू लागतात आणि चालकाच्या बाजूच्या डोअर पॅडमधून बारीक खडखड सुरू होते. काढलेला जुना स्पीकर हातात घेऊन पाहिला तर तो अगदी हलका आहे आणि त्याचे चुंबक नव्या स्पीकरच्या निम्मेही नाही. असे असताना जड चुंबकाच्या स्पीकरमधून बास कमी का यावा, हे मला उलगडत नाही.

मला मिळालेले सल्ले परस्परविरोधी आहेत. एकाचे म्हणणे स्टिरिओची ताकद पुरत नाही, म्हणून चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर लावावा. दुसऱ्याचे म्हणणे बाससाठी सबवूफरच, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, हवा. तिसऱ्याने दारांना डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारे अस्तर, करण्यास सांगितले. एका वेळी एकच काम करावे आणि त्याचा परिणाम ऐकून पुढचे ठरवावे, असा माझा विचार आहे. तेव्हा सुरुवात कोठून करावी आणि तसे करण्याचे कारण काय, हे कोणी नीट समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नातच उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे. बास नाहीसा होणे, पॅड खडखडणे आणि वरचे स्वर टोचणे ही तीन वेगवेगळी दुखणी वाटत असली तरी त्यांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे दार. काहीही नवे विकत घेण्याआधी दारे उघडून पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याआधी एक तपासणी करा. तिला पाना-पेचकस काही लागत नाही. फेडर पूर्ण पुढे न्या, म्हणजे मागचे स्पीकर बंद होतील. डग्गा ठळक असलेले एखादे ध्वनिमुद्रण लावा आणि बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे आणि शेवटी मध्यावर आणा. एकेका बाजूला बास भरीव येतो आणि मध्यावर आणताच तो पातळ होतो असे आढळल्यास दोहोंपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत, असे समजावे. एका स्पीकरचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालच्या स्वरांत दोघांनी हलवलेली हवा एकमेकींचा परिणाम खोडून काढते. मूळ कपलर (तारांचा तयार जोड) कापून तारा पिळून जोडल्या असतील तर ही चूक फार सहज होते, कारण तारांचे रंग प्रत्येक कंपनीत निराळे असतात. दार उघडल्यावर खात्री करायची असेल तर स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवून घ्या आणि त्याच्या टोकांना १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले की पडदा बाहेर यायला हवा. तारा स्टिरिओला जोडलेल्या असताना हा प्रयोग कदापि करू नये आणि सुट्या ट्वीटरवरही (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरवरही) करू नये.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. जुना स्पीकर हलका होता म्हणून तो निकृष्ट होता, असे समजणे बरोबर नाही. स्टिरिओतून मिळणाऱ्या थोड्याशा ताकदीवर पुरेसा आवाज यावा म्हणून त्याचा पडदा मुद्दाम हलका ठेवलेला असतो. त्याची प्लास्टिकची चौकट त्याच दाराच्या मापाने ओतलेली असते, त्यामुळे तो पत्र्यालाही घट्ट बसतो आणि पुढे डोअर पॅडच्या जाळीलाही जाऊन भिडतो. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या स्टिरिओमध्ये त्या स्पीकरच्या उणिवा झाकणारी स्वररचना आधीच भरून दिलेली असते. आपण स्पीकर काढलात तेव्हा ही सगळी जुळणीच मोडली. नव्या स्पीकरचा पडदा जड असतो, त्याला हलवायला अधिक ताकद लागते, आणि त्याची गोल चौकट एखाद्या पातळ कड्यावर बसवल्यावर पॅडच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागेच राहते.

स्पीकरच्या पडद्यापुढे हवा दाबली जाते त्याच क्षणी त्याच्या मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटू शकली तर दोन्ही लहरी परस्परांना रद्द करतात. वरच्या स्वरांच्या बाबतीत हे फारसे जाणवत नाही, कारण त्यांची तरंगलांबी काही सेंटिमीटरच असते. परंतु १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर आहे. तिच्या दृष्टीने कड्याभोवतीची बोटभर फट काय किंवा आतल्या पत्र्यातले हातभर भोक काय, दोन्ही सताड उघडी दारेच. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी का असते, याचे कारण हेच आहे. गाडीत ती पेटी म्हणजे दार, आणि कारखान्यातून येणाऱ्या दाराच्या आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा बसवण्यासाठी मोठमोठी भोके ठेवलेली असतात. आपण पेटीविना स्पीकर वाजवत आहात. बास स्पीकरमधून निघतो आहे, पण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो संपतो आहे. खालचा आधार गेल्यामुळे वरचे स्वर उघडे पडतात आणि टोचतात. बास यावा म्हणून आपण आवाज वाढवता, तेव्हा ते आणखीच टोचतात.

म्हणून पहिले काम हवाबंदीचे. स्पीकर ज्या कड्यावर बसतो ते कडे आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची अथवा ब्युटाइलची (चिकट रबराची) सलग पट्टी हवी. आतला दिवा लावून फटीतून उजेड येतो का ते पाहावे. कडे साध्या एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) असेल तर ते दारातल्या ओलाव्याने फुगते आणि स्क्रू सैल होतात, त्यामुळे प्लास्टिकचे कडे चांगले. स्पीकरच्या पुढच्या बाजूला, त्याची कडा आणि पॅडची जाळी यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमचे जाड वर्तुळ चिकटवावे, म्हणजे आवाज पॅडच्या मागे न शिरता थेट बाहेर येईल. आपली खडखड बहुधा येथेच थांबेल, कारण पॅड आणि पत्रा यांच्यामधल्या पोकळीत शिरलेली हवाच पॅडच्या क्लिपांना हलवत असते.

त्यानंतर पत्रा. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, मुख्यतः स्पीकरच्या बरोबर मागे, अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावावी. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नाही. थरथरणाऱ्या भागाचा मध्य पकडून पाव ते अर्धा भाग झाकला तरी पत्र्याचा घणघणाट बराच मरतो. हे काम संपूर्ण झाकूनच करावे असे सांगणारे भेटतील, पण त्यातून प्रामुख्याने दाराचे वजनच वाढते. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करून पाहा. डब्यासारखा आवाज यायचा तेथे लाकडासारखा बद्द आवाज येऊ लागला की पुरे झाले. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा आणि शीट रोलरने दाबून बसवावी, नाहीतर उन्हाळ्यात ती सुटून येते. डांबराच्या स्वस्त शीट दारात लावू नयेत. उन्हात त्यांचा वास येतो आणि त्या घसरतात. आतल्या पत्र्याची मोठी भोके मात्र मऊ शीटने नुसती झाकून भागत नाही, कारण ती हवेच्या दाबाने फुगते. तेथे पातळ, कडक प्लास्टिक अथवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा बसवून त्यावर शीट लावावी आणि काचेची मोटर उद्या दुरुस्त करावी लागली तर तो तुकडा काढता येईल, असा ठेवावा.

चार गोष्टींची काळजी घ्यावी लागेल. दारात पावसाचे पाणी उतरतेच, त्यामुळे तळाची निचऱ्याची छिद्रे बंद होता कामा नयेत. पॅडमागचा प्लास्टिकचा पातळ पडदा पाणी आत येऊ देत नाही, तो फाटला असेल तर नीट चिकटवून घ्यावा. काच पूर्ण खाली उतरवून ती स्पीकरच्या चुंबकाला घासत नाही हे पाहावे. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव करून देणारा दाबमापक सेन्सर दाराच्या पोकळीतच असतो. धडक बसली की दारातल्या हवेचा दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरते. आपल्या गाडीत असा सेन्सर आहे का, हे आधी सेवापुस्तिकेतून अथवा अधिकृत कार्यशाळेतून निश्चित करून घ्यावे, आणि असेल तर त्या दारातली भोके बंद करण्याचा विचार सोडून द्यावा. तशा गाडीत कड्याची हवाबंदी आणि पुढचे फोमचे वर्तुळ एवढ्यावर थांबणेच योग्य.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील भौतिकशास्त्र मला मान्य आहे, परंतु निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. प्रश्नकर्त्यांना डग्ग्याचा घुमारा हवा आहे आणि साडेसहा इंची स्पीकर कितीही नीट बसवला तरी त्याला एक मर्यादा आहे. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढाच आवाज राखण्यासाठी पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला जो पडदा एक मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलावे लागेल, आणि दारातल्या स्पीकरला ते झेपत नाही.

याउलट सबवूफरला गाडीची केबिनच मदत करते. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीएवढी असते, त्याच्या खाली केबिनमधली सगळी हवा एकदमच दाबली जाते आणि आवाज वाढत जातो. केबिन २.७ मीटर लांब धरली तर हा परिणाम साधारण ६३ हर्ट्झपासून खाली सुरू होतो. सिद्धांतात ही वाढ सप्तकामागे १२ डेसिबलची असते, आणि बंद पेटीतल्या सबवूफरचा आवाज खालच्या बाजूला सप्तकामागे १२ डेसिबलनेच घटत जातो. प्रत्यक्षात दारे-खिडक्यांच्या फटींतून दाब निसटतो, त्यामुळे हिशेब इतका नेमका जुळत नाही, तरीही लहान बंद पेटीतला एक सबवूफर गाडीत जेवढा खोल उतरतो तेवढा तो घरातल्या खोलीत उतरत नाही. धावत्या गाडीत टायरांचा आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या स्वरांतच असतो आणि तो बास झाकून टाकतो, हेही ध्यानात घ्यावे. आसनाखाली बसणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला आठ इंची सबवूफर आपल्या लहान गाडीला पुरेल आणि सामान ठेवायची जागाही अडणार नाही.

प्रतिसाद ३

सबवूफरविषयी वर जे लिहिले आहे ते खरे आहे, पण मी त्याला तिसरे स्थान देईन. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा पुष्कळसा भाग ८० हर्ट्झच्या वर असतो आणि तो दारातूनच यायला हवा. दारे गळकी ठेवून सबवूफर लावला तर ८० पासून २०० हर्ट्झपर्यंतची पोकळी तशीच राहते. मग ती भरून काढण्यासाठी माणूस सबवूफरचा आवाज वाढवत जातो, आणि गायन पुढे, बास मागच्या डिकीत, असा दुभंगलेला आवाज ऐकत बसतो. आधी कळस मग पाया, असे होऊ नये.

स्टिरिओच्या ताकदीचा प्रश्न मात्र खरा आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. स्टिरिओच्या खोक्यावर बहुधा ‘४ × ५० वॅट’ असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीतला विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की ५१.८ येतात, छापलेले ५० येतात ते येथून. पण ती स्वराची ताकद नव्हे. दाब टोकाला चिकटून बसला, म्हणजे लहरीचा माथा सपाट कापला गेला, तरच ती मिळते. स्वच्छ लहरीसाठी १४.४ हे शिखर धरले तर तिचा परिणामी दाब, म्हणजे शिखराला २ च्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा, १०.२ व्होल्ट होतो आणि ताकद २६ वॅट. त्यातून ट्रान्झिस्टरमधला व्यय वजा केला की हाती १८ ते २० वॅट उरतात. स्टिरिओ कितीही महागडा असला तरी त्याच्या आत दाब वाढवणारे निराळे मंडल नसेल तर हे गणित बदलत नाही.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरचा लाभ होईल, परंतु तो किती होईल हेही समजून घ्यावे. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. १८ वॅटवरून ५० वॅटवर गेल्याने आवाज प्रचंड वाढत नाही. मिळते ती मोकळीक. तबल्याचा ठोका पडतो त्या क्षणी लागणारी ताकद लहर न कापता मिळते आणि टोचणे कमी होते. स्पीकरच्या संवेदनशीलतेचा आकडा वाचतानाही सावध असावे. एक कंपनी तो १ वॅटला देते, दुसरी २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगलेला असतो.

अ‍ॅम्प्लिफायर लावायचा ठरल्यास तारांच्या बाबतीत तडजोड करू नये, कारण येथे प्रश्न आवाजाचा नसून आगीचा आहे. बॅटरीपासून येणाऱ्या धन तारेवर बॅटरीच्या जितके जवळ शक्य तितक्या जवळ, फार तर ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे. तो फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. धडकेत अथवा पत्र्याला घासून तार सोलली गेली तर बॅटरीची सगळी ऊर्जा त्या एका ठिकाणी उतरते. पत्र्याच्या भिंतीतून तार नेताना रबरी ग्रोमेट हवेच. ५० वॅटच्या चार चॅनेलना एकूण २०० वॅट, आणि डी वर्गाच्या (कमी ऊर्जा वाया घालवणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून २५० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे १८ अँपिअर लागतात. संगीतात सरासरी याहून बरीच कमी असते, पण तार निवडायची ती या आकड्यावरून. ८ गेजची शुद्ध तांब्याची तार येथे पुरेशी आहे. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, परंतु तिचा रोध जास्त असल्यामुळे ती निदान एक-दोन माप जाड घ्यावी लागते. अर्थिंगची तार आखूड ठेवावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळावी. इंजिनचा वेग वाढेल तसतशी चढत जाणारी शिटी ऐकू येण्यामागे बहुतेक वेळा सैल अर्थिंगच असते. धन तार आणि संकेताच्या तारा गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

आपला स्टिरिओ कंपनीचाच असल्यामुळे त्याला आरसीए निर्गम, म्हणजे बाहेर संकेत देणारे वेगळे जोड, बहुधा नसतील. स्पीकरच्या तारांवरूनच संकेत घेणारा, म्हणजे हाय लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर निवडावा. मूळ तारा न कापता त्या गाडीसाठी तयार मिळणारा कपलर मधे जोडावा. उद्या गाडी विकताना सर्व पूर्ववत करता येते. स्टिरिओ बदलण्याच्या फंदात शक्यतो पडू नये. पुष्कळ नव्या गाड्यांत इंडिकेटरची टिकटिक, पार्किंग सेन्सरचा इशारा आणि मागचा कॅमेरा हे सर्व त्याच पडद्याला बांधलेले असते. पार्किंगचा इशारा ज्या स्पीकरमधून येतो तो वायरिंग करताना चुकून बंद झाला नाही ना, हेही शेवटी तपासून पाहावे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आधी बॅलन्सची तपासणी केली. डावीकडे असताना बास होता, उजवीकडे असताना होता, आणि मध्यावर आणताच तो हवेत विरून गेल्यासारखा झाला. मी हे तीन-चार वेळा करून पाहिले, कारण महिनाभर मी हेच ऐकत होतो यावर विश्वास बसेना. दार उघडल्यावर दिसले की चालकाच्या बाजूचा कपलर कापून तारा उलट जोडलेल्या होत्या आणि वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ज्यांनी स्पीकर बसवून दिले त्यांच्यावर मी विश्वास टाकला होता, त्यामुळे वाईट वाटले. जोड सुलटे करून, झाळून, त्यांवर आकसणारी नळी चढवून घेतली.

कार्यशाळेत विचारले असता माझ्या गाडीतले धडकेचे सेन्सर दाराच्या पोकळीत नसून खांबात आहेत, असे कळले. त्यानंतरच भोके बंद केली, स्पीकरच्या मागच्या पत्र्यावर शीट लावली, कड्याखाली फोमची पट्टी दिली आणि पुढे फोमचे वर्तुळ बसवले. दोन दारांना संपूर्ण एक दिवस लागला. खडखड थांबली आहे. डग्गा परत आला आहे, आणि मूळ स्पीकरवर होता त्याहून तो वेगळा आहे. आता मींड ऐकू येते, पूर्वी नुसता धबका येत असे. दार लावतानाचा आवाजही बदलला आहे, याची मला कल्पना नव्हती.

आता वरच्या आवाजात होणारे टोचणे पुष्कळ कमी झाले असले तरी पूर्ण गेलेले नाही, म्हणून पुढच्या महिन्यात लहान चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर लावण्याचे ठरवले आहे. त्यावरची गेनची कळ आणि फिल्टर कसे लावावेत, हे कृपया सांगावे. तसेच सर्व आवाज माझ्या जवळच्या दारातूनच येतो आणि गायक दाराच्या कोपऱ्यात बसल्यासारखा वाटतो, यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

आपण एवढ्या चिकाटीने काम केलेत, हे वाचून फार समाधान वाटले.

गेनची कळ ही आवाजाची कळ नव्हे. स्टिरिओचा संकेत आणि अ‍ॅम्प्लिफायरची क्षमता यांचा मेळ घालणे एवढेच तिचे काम आहे. स्पीकर सोडवून ठेवा, स्टिरिओवरचे बास, ट्रेबल आणि लाउडनेस शून्यावर आणा, आवाज कमालीच्या पाऊणपट करा आणि १ किलोहर्ट्झचा, पूर्ण पातळीचा चाचणीस्वर लावा. ५० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचे वर्गमूळ १४.१, अ‍ॅम्प्लिफायरच्या निर्गमावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून १४ व्होल्ट दिसेपर्यंत गेन चढवा आणि तेथेच थांबा. प्रत्यक्ष संगीत या स्वरापेक्षा सरासरीने बरेच हळू असते, त्यामुळे नंतर आवाज थोडा कमी वाटेल, तरी मोह टाळावा. गेन वाढवून लहरीचे माथे कापले गेले की ट्वीटरच्या वाट्याला नको तितकी ऊर्जा जाते. आधी तो जळतो, आणि दोष स्पीकरला दिला जातो.

दारांना ८० हर्ट्झचा हायपास, म्हणजे त्याखालचे स्वर अडवणारा, फिल्टर लावावा. सबवूफर नसताना ८० ऐवजी ६० ठेवून ऐकून पाहण्यास हरकत नाही, मात्र फिल्टर पूर्ण बंद ठेवू नये. त्याखालच्या स्वरांसाठी पडदा व्यर्थ मागेपुढे धावतो आणि त्याच पडद्यातून येणारा गायकाचा आवाज गढूळ करतो. सबवूफर पुढे कधी आलाच तर त्याचा लोपास, म्हणजे वरचे स्वर अडवणारा फिल्टरही तेथेच, ८० च्या आसपास ठेवावा. मागच्या दारांचे मूळ स्पीकर तसेच राहू द्यावेत आणि फेडरने त्यांचा आवाज पुढच्यापेक्षा बराच खाली ठेवावा. गाणारा आपल्या समोर असतो, पाठीमागे नसतो.

गायक दाराच्या कोपऱ्यात बसल्यासारखा वाटण्याचे कारण अंतर हे आहे. आपल्या कानापासून जवळचा स्पीकर ९० सेंटिमीटरवर आणि दूरचा १४० सेंटिमीटरवर आहे असे धरले तर ५० सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे जवळचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि मेंदू आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच गायकाला बसवतो. बॅलन्स दुसरीकडे सरकवून हे पुरते सुटत नाही, कारण त्याने फक्त मोठेपणा बदलतो, वेळ बदलत नाही. जवळच्या स्पीकरला तेवढाच विलंब देणे हाच खरा उपाय आहे. काही स्टिरिओंच्या ध्वनी-मांडणीत ‘चालक’ असा पर्याय असतो तो बहुधा हेच करतो. आपल्याकडे असेल तर आजच लावून पाहा. नसेल तर अंगातच डीएसपी (ध्वनिसंकेतावर अंकीय प्रक्रिया करणारी चिप) असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. त्यात प्रत्येक स्पीकरचा विलंब स्वतंत्रपणे भरता येतो आणि स्टिरिओमध्ये भरलेली मूळ स्वररचनाही सरळ करता येते. टेपने अंतरे मोजून भरलेले आकडे ही सुरुवात समजावी. त्यानंतर डोळे मिटून एकट्या गायकाचे मोनो ध्वनिमुद्रण ऐकत, आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर येईपर्यंत ते एकदशांश मिलिसेकंदाने मागेपुढे करावेत. हे काम गाडी उभी असतानाच करावे.

एक राहिलेच. स्वररचना ठरवताना आपण रोज ज्या पातळीवर ऐकता त्याच पातळीवर ती ठरवावी. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. मोठ्या आवाजात ठरवलेला बास हळू ऐकताना पातळ लागतो, आणि हळू आवाजात ठरवलेला बास मोठ्याने ऐकताना गायकावर चढून बसतो.

प्रतिसाद २

मी सबवूफरचा आग्रह धरला होता, पण उलट्या तारांची शक्यता माझ्या ध्यानात आली नव्हती. तशा अवस्थेत सबवूफर लावला असता तर मूळ दोष त्याच्याखाली कायमचा दडून राहिला असता, हे मान्य करतो. अ‍ॅम्प्लिफायर घेताना मात्र एक चॅनेल पुढे सबवूफरसाठी मोकळा राहील, असा पाच चॅनेलचा पर्यायही पाहून ठेवावा, म्हणजे तारा पुन्हा ओढाव्या लागणार नाहीत.

प्रश्नकर्ता

माझ्या स्टिरिओच्या ध्वनी-मांडणीत खरोखरच ‘चालक’ हा पर्याय होता; तीन वर्षांत मी तो कधी उघडूनच पाहिला नव्हता. तो लावताच गायक दारातून उठून समोरच्या काचेपाशी आला. अगदी मध्यावर नाही, थोडा माझ्याच बाजूला, पण तानपुरा आता त्याच्या मागे पसरलेला ऐकू येतो. डीएसपी आणि पाच चॅनेल दोन्ही असलेला अ‍ॅम्प्लिफायर शोधतो आहे. तो बसवल्यावर मल्टिमीटरवरचे आकडे आणि भरलेले विलंब येथेच लिहीन. या वेळी तारांचे जोड मी स्वतः करणार आहे.